येरळा-माणगंगेतील वाळूगट आणि काठच्या विहिरी : हरकत नोंदवताना काय मांडावे?

येरळाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

मी खटाव तालुक्यात येरळेच्या काठी शेती करतो. आमची विहीर नदीच्या पात्रापासून दीडशे पावलांवर आहे. आत उतरण्यासाठी बांधकामातून पुढे काढलेले चौदा दगड आहेत, आणि पाण्याची पातळी आमच्या घरात फुटांत सांगत नाहीत, या दगडांत सांगतात. वडिलांच्या उमेदीच्या काळात गुढीपाडव्याला पाणी नवव्या दगडाला असे. म्हणजे ज्वारी निघून गेल्यावरही गुरांना आणि थोड्याफार मकवानाला ते पुरत असे. अलीकडे संक्रांत झाली की चौदावा दगडही कोरडा पडतो. पावसाचे मान आमच्याकडे पूर्वीही बेताचेच होते. बदलले आहे ते नदीचे पात्र. जिथे उन्हाळ्यात हाताने उकरले तरी पाणी देणारे झिरे होते, तिथे आज काळा खडक उघडा पडला आहे आणि त्यावरून म्हशी घसरतात.

या विषयावर गावात संतापाने पुष्कळ बोलले जाते. संतापाने अर्ज लिहिता येत नाही, म्हणून गेले काही महिने मी नियम वाचत आहे. खाण व खनिजे (विकास व नियमन) अधिनियम १९५७ नुसार साधी वाळू, मुरूम, बांधकामाचा दगड ही गौण खनिजे आहेत आणि त्यांच्याविषयी नियम करण्याचा अधिकार कलम १५ ने राज्यांना दिला आहे. महाराष्ट्राचे सध्याचे गौण खनिज उत्खनन नियम २०१३ चे आहेत. त्याआधी, २७ फेब्रुवारी २०१२ रोजी, दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरपेक्षा लहान गटांनाही, म्हणजे उपशासाठी आखून दिलेल्या तुकड्यांनाही, पर्यावरण मंजुरी लागेल असे बजावले होते. तोवर मोठ्या पात्राचे लहान लहान तुकडे पाडले की ती अट टाळता येत असे. पुढे १५ जानेवारी २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेने जिल्हा सर्वेक्षण अहवाल सक्तीचा केला. कोणत्या नदीत कुठे किती वाळू आहे, ती दरवर्षी किती भरून येते आणि त्यातली किती काढता येईल, हे या अहवालात यायला हवे. अहवालाचा मसुदा जिल्ह्याच्या संकेतस्थळावर एकवीस दिवस हरकतींसाठी ठेवावा लागतो आणि दर पाच वर्षांनी अहवाल नव्याने करावा लागतो.

आता मला जे खटकते ते सांगतो. पाच हेक्टरपर्यंतच्या सुट्या गटाला जनसुनावणी लागत नाही, आणि येरळेसारख्या अरुंद नदीतला गट सहसा त्याहून लहानच असतो. अनुसूचित (आदिवासीबहुल) क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्यामुळे गौण खनिजाचा पट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस घ्यावी लागते. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे त्या क्षेत्रात येत नाहीत. म्हणजे ज्यांच्या विहिरी आटणार आहेत, त्यांच्या हातात ते एकवीस दिवसच काय ते उरतात. मागच्या खेपेस मसुदा प्रसिद्ध झाल्याचे आमच्या गावाला मुदत उलटून गेल्यावर कळले. दवंडी नाही, चावडीवर कागद नाही.

पुढचा मसुदा येईल तेव्हा आमची तयारी असावी असे वाटते. 'वाळू उपसू नका' एवढे एक वाक्य लिहून दिले तर ते फाइलला लागते आणि तिथेच राहते. हरकतीत नेमके काय मांडावे, कोणती मोजमापे जोडावीत, हे जाणकारांनी सांगावे. खटाव, माण, आटपाडी, खानापूर या भागांतील लोकांनी आपापल्या विहिरींचे अनुभव लिहिले तर फार उपयोग होईल.

जुना_महसुली

मी महसूल खात्यात मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो, सेवा बहुतेक सांगली जिल्ह्यात झाली. आपला प्रश्न योग्य आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

कायद्यात दात नाहीत असे लोक म्हणतात, ते खरे नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ४८ (७) नुसार विनापरवाना उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. पोटकलम (८) नुसार वाहन आणि यंत्रसामग्री अटकावून ठेवता येते. वाहन सोडवताना ट्रॅक्टरला एक लाख आणि पोकलेनला साडेसात लाख रुपये दंड भरावा लागतो. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे की विनापरवाना वाळू नेणे हा चोरीचाही गुन्हा होऊ शकतो आणि त्यासाठी पोलिसांना स्वतंत्रपणे कारवाई करता येते. शासनाच्या 'महाखनिज' प्रणालीवर वाहतुकीचा परवाना ऑनलाइन निघतो आणि गाडीला जीपीएस लागते.

अडचण वेगळीच आहे. एका तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, दोन-तीन गावांचा सजा असतो. रात्री दोन वाजता पात्रात चार ट्रॅक्टर उतरले, तर सोबत एक कोतवाल घेऊन त्याने काय करावे? मी स्वतः बॅटरी घेऊन पात्रात उभा राहिलेला माणूस आहे. समोरचा ट्रॅक्टर थांबतो की अंगावर येतो, हे शेवटच्या दहा पावलांपर्यंत कळत नाही. सकाळी पंचनामा होतो, खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली टेपने मोजली जाते, त्याचे ब्रास, म्हणजे वाळूचे घनमाप, काढले जातात, दंडाची नोटीस निघते. रक्कम भरली नाही तर सातबारावर बोजा चढतो. या सगळ्या कागदांत विहिरीचा उल्लेख कुठेही येत नाही, कारण नमुन्यात तो रकानाच नसतो. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी शेकडो पंचनामे केले. खड्ड्याशेजारच्या विहिरीचे पाणी मोजून लिहावे, असे मला एकाही वरिष्ठाने सांगितले नाही, आणि मलाही ते सुचले नाही. त्याची खंत आजही आहे.

हरकतीसाठी माझा सल्ला असा. वाळूगटाचा नकाशा मिळवा आणि नदीकाठच्या प्रत्येक विहिरीचा गट नंबर, वाळूगटाच्या हद्दीपासूनचे अंतर, विहिरीची खोली आणि पाण्याच्या दोन पातळ्या, एक दिवाळीनंतरची व एक मे महिन्यातली, असा तक्ता करा. पूल, कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, पाणीपुरवठ्याची जॅकवेल जवळ असेल तर तिचे अंतर मोजून फोटो जोडा, कारण या बांधकामांजवळ उत्खननास मनाई असते आणि तो मुद्दा कोणालाही डावलता येत नाही. ग्रामसभेचा ठराव सोबत द्या. ग्रामसभेची शिफारस सक्तीची नसली, तरी ठरावाच्या प्रतीला आवक क्रमांक पडला की पुढे हरित न्यायाधिकरणात किंवा न्यायालयात तो पुरावा होतो.

खडक_आणि_पाणी

मी भूशास्त्र शिकवतो. वरच्या तक्त्याला जोड म्हणून वाळूतल्या पाण्याचा हिशेब देतो.

एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. पाण्याने भरलेल्या नदीच्या वाळूत साधारण एक तृतीयांश जागा पोकळ्यांची असते, आणि त्यातले जे पाणी सहज निथळून विहिरीकडे येते ते एकूण आकारमानाच्या एक पंचमांशाच्या आसपास धरता येते. म्हणजे एक ब्रास वाळू साडेपाचशे लिटरच्या आसपास पाणी देते. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. एक ब्रास वाळू गेली म्हणजे दहा माणसांच्या एका दिवसाच्या पाण्याची साठवण गेली. हे नुकसान एकदाच होत नाही, कारण पात्राला पाणी आले की ती वाळू दर वेळी पुन्हा भरत असे, हे लक्षात ठेवावे.

आपल्या भागात हे अधिक महत्त्वाचे आहे, कारण खाली सगळा काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट आहे. त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत जेवढे पाणी मावते तेवढेच. त्यावर नदीने पसरलेला वाळूचा थर हाच माण-खटावसारख्या, पर्जन्यछायेतल्या, सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या भागाचा खरा हौद आहे. तो हौद झाकलेला असल्यामुळे त्यातले पाणी तलावातल्यासारखे उन्हाने उडूनही जात नाही.

आता नियमाकडे येतो. पात्रात तीन मीटर किंवा पाण्याची पातळी, यांपैकी जे कमी असेल तिथपर्यंतच खोदावे, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. गंगेच्या मैदानात, जिथे गाळाचा थर कित्येक मीटर जाड आहे, तिथे तीन मीटर हे बंधन ठरते. येरळेत किंवा माणगंगेत अनेक ठिकाणी संपूर्ण थरच दीड-दोन मीटरचा असतो. तिथे तीन मीटरच्या मर्यादेत राहूनही पात्र खडकापर्यंत खरवडता येते. उन्हाळ्यात पाणी खाली गेलेले असते, त्यामुळे पातळीची अटही तेव्हा आड येत नाही. म्हणून हरकतीत माझ्या मते पहिली मागणी ही असावी की खोलीची मर्यादा मीटरमध्ये न ठरवता वाळूच्या थराच्या प्रमाणात ठरवावी आणि खडकावर ठरावीक जाडीचा थर कायम राखावा.

दुसरी मागणी पुनर्भरणाच्या अभ्यासाची. ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वाळू किती भरून येते याच्या अभ्यासाशिवाय केलेल्या जिल्हा सर्वेक्षण अहवालावर पर्यावरण मंजुरी देता येणार नाही. येरळेवर वरच्या अंगाला नेर आणि येरळवाडी ही धरणे आहेत, शिवाय ओढ्याओढ्यांवर बंधारे आहेत. वरून येणारी वाळू त्यांच्या मागे अडते. अशा नदीत 'पावसाळ्यात वाळू परत येते' हे वाक्य मोजल्याशिवाय कोणी लिहू नये.

विट्याचा_बांधकामवाला

मी लहान घरांची बांधकामे घेतो. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे, पण विरोधासाठी विरोध म्हणून लिहीत नाही.

दोन खोल्यांचे घर बांधणाऱ्या माणसाला वाळू लागते, आणि ती कायदेशीर मिळण्याची सोय शासनाने करावी ही त्याची अपेक्षा रास्त आहे. पण धोरण स्थिर राहत नाही. २०१८ मध्ये एक, २०१९ मध्ये दुसरे, २०२३ मध्ये शासकीय डेपोवरून सहाशे रुपये ब्रासने वाळू देण्याचे तिसरे, आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा लिलावाचे. दर बदलाच्या वेळी मधले काही महिने कायदेशीर वाळू बाजारात नसतेच. घराचा स्लॅब मात्र थांबत नाही, कारण सेंट्रिंगचे भाडे रोज चढत असते. मग लोक रात्रीची वाळू घेतात आणि तिपटीने पैसे मोजतात. २०२५ च्या धोरणात घरकुलाच्या लाभार्थ्याला पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याची तरतूद आहे, ती चांगली आहे. पण ज्या तालुक्यात लिलावच झाला नाही तिथे ती कुठून द्यायची?

आणखी एक. ट्रॅक्टरला एक लाख दंड हा नियम वाचायला बरा वाटतो. माझ्याकडे येणाऱ्या एका पोराने कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला होता, नांगरटीची कामे उन्हाळ्यात संपली म्हणून हप्त्यासाठी चार रात्री वाळू ओढली, पाचव्या रात्री सापडला. दंड भरायला आईचे दागिने गेले. ज्याने त्याच्याकडून वाळू घेऊन साठा केला, त्याच्या दारात कोणी गेले नाही. चूक त्या पोराची होतीच. पण पात्र रिकामे करणारा तो नव्हता.

म्हणून 'वाळू बंद' एवढेच न म्हणता, गावच्या घरांसाठी किती लागते तेवढीच काढावी, बाहेर जाऊ देऊ नये, अशी मागणी करता येईल का, याचा विचार व्हावा.

डोंगरकुशीतले_गाव

कृत्रिम वाळू हा उपाय आहे असे आता सगळेच म्हणतात, आणि शासनानेही २०२५ मध्ये तिला उत्तेजन देणारे धोरण आणून तिच्यावरचे स्वामित्वधन (रॉयल्टी) ब्रासमागे सहाशेवरून दोनशे रुपयांवर आणले आहे. नदीसाठी ते बरेच आहे. पण ती वाळू डोंगर फोडूनच होते, आणि त्या डोंगराच्या पायथ्याशी आमचे गाव आहे.

सुरुंग उडाला की भांड्यांच्या फडताळावरची पातेली वाजतात. क्रशरची पांढरी भुकटी द्राक्षाच्या पानावर बसते, ती फवारणीने निघत नाही, मण्यावर बसली तर व्यापारी माल नाकारतो. पाणी मारून धूळ दाबण्याची, भोवती पत्रे आणि झाडे लावण्याची अट प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात असते. तपासणीच्या दिवशी पाणी मारले जाते.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष वेधतो, कारण ती फार थोड्यांना ठाऊक आहे. खाण कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने प्रत्येक खाणबाधित जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. त्या वर्षीच्या मार्गदर्शक सूचनांत किमान साठ टक्के निधी पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा कामांवर खर्च करावा असे होते. आपल्या राज्यात गौण खनिजाच्या स्वामित्वधनाच्या दहा टक्के रक्कमही या प्रतिष्ठानात जमा होते. ही रक्कम बाधित गावासाठी आहे. तरीही ती कुठल्या कुठे रस्त्याला आणि सभामंडपाला लागते, आणि ज्या वाडीच्या विहिरीत भुकटी पडते तिथे टँकर येतो. हरकतीसोबत प्रतिष्ठानाकडे विहीर पुनर्भरणाच्या कामाची मागणीही नोंदवावी, अशी माझी विनंती आहे.

आटपाडीची_लेक

टेंभू उपसा योजनेचे पाणी आल्यापासून आमच्याकडे काही लोक म्हणतात की आता कालव्याला पाणी आहे, वाळूचे एवढे काय घेऊन बसलात. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की टेंभूचे पाणी कृष्णेतून टप्प्याटप्प्याने पंपांनी वर चढवलेले आहे. त्याला वीज लागते, पाणीपट्टी लागते, आवर्तनाची वाट पाहावी लागते. माणगंगेच्या वाळूतल्या झिऱ्याला यांतले काहीच लागत नव्हते. माझी आई घागरीवर फडके बांधून, नारळाच्या करवंटीने झिऱ्यातले पाणी भरायची. पहिल्या दोन करवंट्या गढूळ म्हणून बाजूला टाकायची, तिसरी घागरीत. दुष्काळाच्या सालातही तो झिरा पूर्ण आटल्याचे तिने पाहिले नव्हते. आणि कालव्याचे पाणी जरी नदीत सोडले, तरी ते धरून ठेवायला पात्रात वाळूच नसेल, तर ते दोन दिवसांत खाली निघून जाणार.

बळीराजाचा_साक्षी

विट्याच्या बांधकामवाल्यांनी विचारले की गावाच्या गरजेपुरतीच वाळू काढावी अशी मागणी करता येईल का. हे याच नदीवर एकदा घडलेले आहे, म्हणून ते सांगणे माझे कर्तव्य समजतो.

१९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईहून परतलेले कामगार आणि खानापूर तालुक्यातील दुष्काळी कामांवरचे मजूर यांच्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. डॉ. भारत पाटणकर तिच्या नेतृत्वात होते. त्या वेळी येरळेतली वाळू ठेकेदार ट्रकने नेत होते, विहिरी खाली जात होत्या, आणि लिलावाचा पैसा सरकारी तिजोरीत जात होता. बलवडी आणि तांदुळवाडी या गावांनी मागणी केली की ठेकेदारांची वाळू बंद करा, आम्हाला थोडी वाळू विकू द्या, त्या पैशातून आम्ही नदीवर धरण बांधतो. अभियंता के. आर. दाते यांनी तांत्रिक साहाय्य केले. परवानगीसाठी मोठा लढा द्यावा लागला, लोकांनी श्रमदान केले, वर्गणी काढली, आणि बळीराजा स्मृती धरण उभे राहिले. पाणी कोणाला किती, हे जमिनीच्या आकारावर ठरवायचे नाही, भूमिहीनालाही वाटा द्यायचा, असे त्या लोकांनी ठरवले होते.

मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो आणि पाहुण्यांकडे म्हणून बलवडीला गेलो होतो. धरणाच्या कामावर डोक्यावर पाटी घेतलेल्या बायकांची रांग अजून डोळ्यांपुढे आहे. त्यांच्यापैकी एकीने मला सांगितले होते, 'ही वाळू आमच्या पाण्याची आई हाय.' वाळू किती विकायची, कुठून उचलायची आणि कुठे हात लावायचा नाही, हे तेव्हा काठावरच्या लोकांनी ठरवले, कारण चुकले तर त्यांचीच विहीर आटणार होती. नियमांत आज नेमकी हीच जागा रिकामी आहे. म्हणून हरकतीत केवळ 'आमचे ऐका' असे न लिहिता, पात्राच्या कोणत्या भागातून गावासाठी किती ब्रास काढता येईल आणि कोणता भाग कायम राखावा, हे गावाने नकाशावर आखून द्यावे. त्या नकाशाला जुन्या महसुलींनी सांगितलेला विहिरींचा तक्ता जोडला, तर तो कागद बाजूला सारणे सोपे जाणार नाही.

येरळाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. विशेषतः जुने महसुली साहेबांनी खंत लिहून दाखवली, त्याबद्दल त्यांच्याविषयी आदर वाटला. बांधकामवाले, आपला मुद्दा मला मान्य आहे. आमच्याही गावात यंदा सहा घरकुले मंजूर आहेत आणि त्यांची वाळू आमच्याच पात्रातून यावी, असे मीही म्हणेन. ती कुठून उचलायची एवढे मात्र आम्हाला ठरवू द्यावे.

दिवाळीच्या सुट्टीत पुतण्याला घेऊन कामाला लागलो. आमच्या विहिरीच्या चौदाही दगडांवर ऑइलपेंटने आकडे घातले आणि काठापासून प्रत्येकाची खोली टेपने मोजून वहीत लिहिली. काठावरच्या आणखी अकरा विहिरींच्या मालकांशी बोललो. नऊ जण तयार झाले, दोघे वाळूच्या धंद्यात आहेत, त्यांनी नकार दिला. दर अमावस्येला सकाळी मोजायचे ठरले आहे. लोखंडी पहार घेऊन पात्रात पाच ठिकाणी वाळूचा थरही मोजला : दोन ठिकाणी हातभर, एका ठिकाणी वीतभर, दोन ठिकाणी पहार खडकालाच लागली. ग्रामसेवकांना जिल्ह्याचे संकेतस्थळ दर सोमवारी पाहण्याची विनंती लेखी केली असून त्याची पोच घेतली आहे. आटपाडीच्या ताईंनी माणगंगेकाठी अशीच नोंद सुरू केली, तर दोन्ही नद्यांचे आकडे एकाच नमुन्यात ठेवता येतील. वहीच्या रकान्यांचा फोटो मी उद्या येथे टाकतो.

आजची पहिली नोंद : अकरावा दगड अजून ओलसर, पाणी बाराव्याच्या खाली चार बोटे.